जिन्यातली काटछाट

कथालेखनाच्या वर्गाला जायचं मी ठरवलं ते केवळ रविवारी घरातली जाळी काढायला लागू नयेत म्हणून. साहित्याची ओढ वगैरे नंतर आली. आधी हातात लांब दांड्याचा झाडू आला होता. कीर्ती, म्हणजे माझी बायको, स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, चढा." तेवढ्यात मोबाईलवर आमच्या राजेंद्र नगरच्या मराठी मंडळाचा मेसेज आला. दर रविवारी सकाळी कथालेखनाचे वर्ग, सर्वांना प्रवेश. मी झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणालो, "मला लेखक व्हायचंय."

"आत्ता?"

"प्रतिभेला टायमिंग नसतं, कीर्ती."

(माझ्याकडे नेमकं उलटं होतं. प्रतिभेचा पत्ता नव्हता, टायमिंग मात्र झकास होतं.)

मी इथल्या, म्हणजे हिंदी मुलखातल्या, सरकारी कार्यालयात बाबू आहे. नोकरीला लागल्यापासून 'उपरोक्त विषयांतर्गत निवेदन है कि' असं हिंदीत लिहून लिहून माझी मराठीसुद्धा आवक-जावक विभागात जमा झाली आहे. तरी मी एक कथा लिहिलीच. नायक आपल्या मित्राला सांगायला धावत येतो की तुझ्या गोदामाला आग लागली आहे. वर्ग घेणाऱ्या इरावती मॅडम पुण्याच्या, वर्षभरापूर्वी इथल्या एका कॉलेजात शिकवायला आलेल्या. त्यांनी मला कथा मोठ्याने वाचायला सांगितली. मी वाचली.

"नमस्कार, कसे आहात?"

"मी बरा आहे. आपण कसे आहात?"

"मीही बरा आहे. घरी सगळे बरे?"

"सगळे बरे. आपल्याकडे?"

"आमच्याकडेही बरे. चहा घेणार?"

"नको, आत्ताच झाला."

"अर्धा कप?"

"बरं, अर्धा."

तिसऱ्या पानावर नायक बशी खाली ठेवून आगीची बातमी देतो. मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "ज्ञानदीपजी, तोवर गोदामाची राख झाली असेल हो!"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो, कारण एकट्याने न हसणं फार वाईट दिसतं.

पण मॅडम भल्या बाई. त्यांनी मला नीट समजावलं. माणसं घरात बोलतात ते सगळं म्हणजे संवाद नव्हे, म्हणाल्या. जेवलास का, झोपलास का, औषध घेतलंस का, ही सगळी भरती. काढून टाका. वाक्य जिथे सगळ्यात धारदार असेल तिथेच थांबा, पुढचं कापा. पात्र आपल्या मनातलं समजावून सांगायला लागलं की संवाद मेला. आणि पात्राने एखादं वाक्य उच्चारून मागे घेतलं, तर तेच त्याचं खरं वाक्य समजा. पुढच्या रविवारसाठी अभ्यास काय, तर आपल्याच घरातलं बोलणं कान देऊन ऐका, छाटा, आणि घेऊन या.

मी घरी आलो तो घरात अबोला पडलेला.

आता आमचं घर सांगतो. घर दुमजली. खाली आई आणि बाबा, वर मी आणि शाळेत शिकवणारी कीर्ती. स्वयंपाकघर वर. खाली चहापुरता गॅस आणि एक छोटा फ्रिज. आईचे गुडघे दोन वर्षांपासून संपावर आहेत, त्यामुळे ती वर येत नाही, तिचं ताट खाली जातं. माझे आजोबा महूला फौजेत होते, बाबा तिथल्याच वर्कशॉपमधून रिटायर झाले. महू म्हणजे बाबासाहेबांचं जन्मगाव, त्यामुळे दर चौदा एप्रिलला नागपूरकडचे आमचे सगळे नातेवाईक आधी आमच्या घरी उतरतात, मग महूला जातात. त्या सगळ्यांसाठी आई एका भल्यामोठ्या भगोन्यात मसालेभात करते. जिना चढवत नसला तरी त्या दिवशी तिला खुर्ची टाकून, गॅस अंगणात मांडून, भात तीच करते. तिचा वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो.

आणि चौदा एप्रिल तोंडावर आलेला असताना कीर्तीने तो भगोना शेजारच्या यमुनाबाईंना देऊन टाकला होता. म्हणजे एका दिवसापुरताच, त्यांच्या नातवाच्या बारशासाठी. पण आईला न विचारता. आईने जिन्याखालची रिकामी जागा पाहिली आणि म्हणाली, "या घरात मला विचारायची रीत संपली वाटतं." मग आत गेली आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडे अबोला म्हणजे बोलणं बंद नसतं. सरळ बोलणं बंद असतं. सगळं माझ्यामार्फत चालतं. बाबांनी या कामातून अंग केव्हाच काढून घेतलंय. ("मी रिटायर झालोय. आता तुझी ड्यूटी.") आजवर आमच्या घरातले अबोले दुसऱ्या चहाच्या पुढे कधी टिकले नाहीत, कारण मी हमालासारखा सगळा निरोप डोक्यावर घेऊन जायचो आणि जसाच्या तसा उतरवायचो. या खेपेला मात्र मी शिकलेला माणूस होतो.

कीर्ती भेंडी चिरत म्हणाली, "अहो, आईंना म्हणावं, भगोना संध्याकाळी येतोय परत. मी विचारायला पाहिजे होतं, चुकलंच माझं. पण त्या झोपल्या होत्या, रात्रभर गुडघा ठणकत होता त्यांचा, उठवावंसं वाटलं नाही. आणि विचारा, दुपारची गोळी घेतली का."

मी जिन्यात आलो. एवढा लांब निरोप! नुसतं समजावणं. आणि शेवटी गोळी, म्हणजे शंभर टक्के भरती. मी जिन्याच्या वळणावर थांबून डोळे मिटले, आणि काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यातला लेखक जागा झाला. खाली जाऊन मी आईला म्हणालो, "कीर्ती म्हणते, भगोना संध्याकाळी येतोय. तुम्ही झोपला होतात."

आईने चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं.

"असं म्हणाली?"

"अगदी."

(अक्षरं तिचीच होती. एकही माझं नव्हतं. कायद्याने मी निर्दोष आहे.)

"झोपले होते, मेले नव्हते, सांग तिला," आई म्हणाली. मग जरा थांबून, "आणि हे बघ, एवढ्या धूपमध्ये शाळेतून पायी येते ती. मी कैरीचं पन्हं करून ठेवलंय खालच्या फ्रिजमध्ये. जाताना ने वर. म्हणावं, बर्फ नको टाकू, गळा धरतो तुझा."

वाहवा! काय पहिलं वाक्य! आणि त्याच्यामागे पन्हं. कशाला पन्हं? मी वर गेलो, दारात उभा राहिलो, योग्य तेवढा विराम घेतला आणि म्हणालो, "आई म्हणते, झोपले होते, मेले नव्हते."

कीर्तीची सुरी भेंडीत थांबली. असा परिणाम माझ्या कोणत्याही वाक्याने लग्नापासून आजवर झालेला नव्हता.

मग काय, मला चटकच लागली. ऑफिसात मी रोजचे संवाद शेजारच्या टेबलावरच्या मनीषला ऐकवायचो. तो फायली बाजूला सारून खुर्ची ओढायचा. "भिया, अम्मा ने क्या डायलॉग मारा है! फिर? भाभी क्या बोलीं?" त्याला मी सांगायचो, कल आना. (मला वाचक मिळाला होता. लेखकाला आणखी काय लागतं?)

मधल्या एका संध्याकाळी कीर्ती डब्यातले तांदूळ निवडत बसली होती. तिचा आवाज बसलेला. म्हणाली, "त्यांना म्हणावं, मला विचारून काय करणार, या घरात मी कोण?" आणि लगेच जीभ चावली. "नको, नको! हे नका हो सांगू, रागात निघालं तोंडातून. एवढंच विचारा की मसालेभाताला तांदूळ किती काढू. त्यांचाच अंदाज बरोबर येतो, माझा दर वेळी चुकतो."

पात्राने वाक्य उच्चारून मागे घेतलं! माझ्या अंगावर काटा आला. मी दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेलो.

"कीर्ती म्हणते, या घरात मी कोण?"

आई काही बोलली नाही. बराच वेळ बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मी उत्तरासाठी उभाच होतो. शेवटी म्हणाली, "जा तू," एवढंच. मॅडमनी वर्गात सांगितलं होतं की मौन हा सगळ्यात जबरदस्त संवाद. मी खूश होऊन वर आलो. आता आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

रविवारी मी वर्गात 'सासू आणि सून' वाचली. टाळ्या. मॅडम उठून उभ्या राहिल्या. "ज्ञानदीपजी, ही बाई एका ओळीत उभी राहते हो! कुठून आणलेत हे संवाद?"

"घरचेच आहेत," मी विनयाने म्हणालो.

माझी कथा मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात वाचायला निवडली गेली. मी हवेत तरंगत घरी आलो, आणि खालच्या खोलीत पाऊल टाकलं तर आईची बॅग पलंगावर उघडी.

"कुठे निघालीस?"

"देपालपूरला. प्रशिकला फोन केलाय, संध्याकाळी येतोय गाडी घेऊन." प्रशिक माझा धाकटा भाऊ, तिकडे बँकेत असतो.

"अगं, पण परवा चौदा एप्रिल! मेहमान येतील, भात कोण करेल?"

"करेल ज्याचं घर आहे तो." आईने साडीची घडी घातली. घडी वाकडी झाली, तिने मोडली, पुन्हा घातली. "मी तिला कधी परकी समजले नाही रे दीपू. मुलगी नव्हती मला. वाटलं, मुलगीच आली. आणि ती विचारते, मी कोण. माझंच कुठेतरी चुकलं असेल. पण एक सांग, इतक्या दिवसांत एकदा तरी तिने विचारलं, गोळी घेतली का म्हणून?"

बाबांनी पेपर तोंडासमोर आणखी उंच धरला.

मी वर पळालो. कीर्ती ओट्यापाशी उभी, डोळे लाल. म्हणाली, "आई चालल्या ना? प्रशिकभावजींचा फोन आला होता. मी नकोशी झालेय त्यांना. मेले नव्हते म्हणाल्या, चालेल, रागात म्हणतो माणूस. पण मला शाळेतून यायला उशीर झाला की जिन्याच्या तोंडाशी हाक मारायच्या, जेवलीस का गं म्हणून. तेसुद्धा नाही. एक साधा निरोप नाही, अहो!"

निरोप होता. रोज होता. त्याला मी जिन्याच्या वळणावर रोज कापत होतो. तो पन्ह्याचा जग अजून खालच्या फ्रिजमध्ये तसाच होता आणि आई रोज तो उघडून बघत असणार. आई गेली तर चौदा एप्रिलचा भातच काय, या घरातलं घरपणच तिच्यामागे देपालपूरच्या गाडीत बसून जाईल, हे मला लख्ख दिसलं. मला रडू यायला लागलं. लेखकाला रडू आलं की त्याने काय करावं? लिहावं! (खरं बोलावं, हे मला सुचलंच नाही. वीस वर्षांची सरकारी नोकरी आहे.)

मी जिन्यात बसून कीर्तीच्या वतीने एक छान गोड निरोप तयार केला. पाठ केला. खाली जाऊन आईसमोर उभा राहिलो.

"आई, कीर्तीचा निरोप आहे. ती म्हणते, 'सासूबाई, आपण मला मातेसमान आहात. माझ्या हृदयात आपल्याविषयी अपार आदर आहे. घडलेल्या प्रमादाबद्दल मी क्षमाप्रार्थी असून, उपरोक्त भगोन्याबाबत यापुढे आपली पूर्वानुमती घेण्यात येईल.'"

आईचा हात साडीवर थांबला.

"परत म्हण."

मी परत म्हणालो. दुसऱ्यांदा 'उपरोक्त' जरा हळू म्हणालो.

"कीर्ती मला सासूबाई कधीपासून म्हणायला लागली?"

"भावनेच्या भरात म्हणाली असेल."

"दीपू, हे ती नाही बोलली. कोणतीच बाई असं बोलत नाही. हे तुझ्या ऑफिसातलं लेटर आहे." आईने बॅग बाजूला सारली. "म्हणजे तू घरी बसून बनवतोस काय निरोप? मग आधीचे कोणी बनवले?"

"आधीचे तिचेच होते, आई. बुद्धाशप्पथ. एक शब्द माझा नाही. मी फक्त... थोडे कमी केले."

"काय कमी केलंस?"

"फालतू होतं ते."

"कोणतं फालतू?"

मी मान खाली घालून सांगायला लागलो. चुकलंच माझं म्हणाली होती. तुझा गुडघा ठणकत होता म्हणून उठवलं नाही म्हणाली होती. रोज गोळीचं विचारत होती. तांदूळ किती काढू, त्यांचाच अंदाज बरोबर येतो, म्हणाली होती. आणि 'मी कोण' म्हटल्यावर लगेच म्हणाली होती, हे नका सांगू.

"हे फालतू?" आईने विचारलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "अरे गाढवा, हेच तर बोलणं असतं! बाकी तर नुसती भांडी आपटणं."

ती उठली. जिन्याचा कठडा धरला. मी मागे धावलो, "आई, गुडघा!"

"तू चूप बैठ."

एक पायरी, मग श्वास, मग दुसरी. बाबा पेपर टाकून तिच्यामागे हात धरायला गेले. मी सगळ्यात शेवटी, आरोपीसारखा. वर कीर्ती आवाज ऐकून दारात आली आणि आईला पाहून तिच्या हातातली पळी खाली पडली.

"आई! तुम्ही कशाला चढलात?"

"जेवलीस का?"

"नाही. तुम्ही?"

"नाही. मन नव्हतं."

"गोळी?"

"सकाळची घेतली."

"दुपारची?"

"राहिली."

"मग आधी बसा. इथे पंख्याखाली बसा. पाणी देऊ?"

"दे. तू पण बस. किती वाळलीस गं? पन्हं प्यायलीस?"

"कोणतं पन्हं?"

दोघींनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकमेकींकडे वळल्या, आणि जे बोलायला लागल्या ते थांबेनातच. गुडघा, शाळा, तांदूळ, ऊन, कैऱ्यांचा भाव, पुन्हा गुडघा. कीर्ती रडत होती, आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि एकच गोष्ट चार-चारदा सांगत होती. त्यात ना धार ना संघर्ष. मॅडमनी अख्खं पान फुली मारून परत दिलं असतं. आणि मी दाराशी उभा राहून डोळे पुसत होतो, इतकं छान बोलणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रशिक संध्याकाळी गाडी घेऊन आला, भरपेट जेवला आणि तसाच परत गेला. मसालेभाताचे तांदूळ आईने स्वतः मोजून काढले. मंडळाच्या कार्यक्रमातून माझी कथा मी मागे घेतली. मॅडमचा फोन आला, "अहो, का? इतकी जिवंत पात्रं!" मी म्हणालो, "मॅडम, पात्रं लेखकाशी बोलेनाशी झालीत."

खोटं नव्हतं ते. त्या दोघींनी मिळून माझ्याशी अबोला धरला. मला खालच्या खोलीत बसवलं आणि निरोप्याचं काम बाबांना रिटायरमेंटमधून परत बोलावून दिलं. चौदा एप्रिलला दिवसभर मेहमानांची ताटं वाढून, महूची चक्कर मारून मी संध्याकाळी खाली येऊन टेकलो. दुपारपासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. वरून मसालेभाताचा वास आणि दोघींचं हसणं येत होतं.

"बाबा," मी म्हणालो, "वर जाऊन विचारा ना, मला माफ केलंय का. मला फार वाईट वाटतंय म्हणावं. मनापासून. पुन्हा एक शब्द गाळणार नाही म्हणावं. आणि मी जेवायला वर येऊ का, तेवढं विचारा."

बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, एकदा घोकलं आणि वर गेले. मी वाट पाहत बसलो. वर बोलणं चाललं होतं, ताटांचा आवाज येत होता, मध्येच बाबांचं ठसकत हसणं. माझा निरोप बराच रंगलेला दिसत होता. मला हायसं वाटलं.

बऱ्याच वेळाने बाबा जिना उतरले. रुमालाने मिशी पुसत खुर्चीत बसले आणि समाधानाचा ढेकर दिला.

"काय म्हणाल्या?" मी उठून उभा राहिलो.

"अरे हो," बाबा म्हणाले, "ते विचारायचंच राहिलं. बसल्या बसल्या ताटच आलं ना समोर. भात फार छान झाला होता रे, संपला."